ऊस कुणाचा?

दुसऱ्याचं कौतुक कानावर पडलं की काही माणसांच्या पोटात दुखतं. आमच्या अण्णांचं तसं नाही. त्यांना कौतुक चालतं, फक्त त्याची पावती लागते. शिरोळात कुणाचं नाव झालं, की ते ज्याच्या खात्यावर जमा झालंय त्याचंच आहे, की दुसऱ्याच्या खात्यातून इकडं वळवलंय, एवढं तपासल्याशिवाय अण्णांचा चहा संपत नाही. तपासणीचा प्रश्न एकच. मान जरा तिरकी करायची, बशीतला चहा फुंकायचा आणि सावकाश विचारायचं, "ते समदं खरं. पण ऊस कुणाचा?"

बाहेरगावच्या वाचकाला हा प्रश्न कळणार नाही, म्हणून थोडा खुलासा. अण्णा साखर कारखान्याच्या शेती खात्यात चिटबॉय म्हणून लागले आणि ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. उसाच्या नोंदी घ्यायच्या, लावणीच्या तारखा बघून तोडणीचा क्रम लावायचा, टोळ्या फडावर धाडायच्या आणि "माझा ऊस कवा तोडतोस?" म्हणून अंगावर येणाऱ्या शेतकऱ्यांना तोंड द्यायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. त्या आयुष्यात त्यांनी एक गोष्ट दर हंगामाला पाहिली. रिकव्हरी, म्हणजे साखरेचा उतारा, चढली की फोटो कारखान्याच्या कार्यकारी संचालकांचा, म्हणजे एमडीसाहेबांचा, रिकव्हरी पडली की नोटीस शेती खात्याला.

कोल्हापूर विभागाचा साखर उतारा राज्यात वर्षानुवर्षं वरचढ असतो. कृष्णा-पंचगंगेचं पाणी, कसदार जमीन, ऐन थंडीत पक्व होणारा ऊस, फडापासून गव्हाणीपर्यंतचं थोडकं अंतर. यातलं काहीही एमडीनं आणलेलं नसतं. "ह्योच एमडी उचला," अण्णा म्हणतात, "आणि पावसानं दडी मारलेल्या वर्षी मराठवाड्यातल्या एकाद्या कारखान्यावर नेऊन बसवा. तिथं बारा टक्के काढून दावू दे. मग मी सोता बँड लावून तेची मिरवणूक काढतो."

एवढ्या एका सिद्धांतावर अण्णा सगळं जग तोलतात. जत्रेत पांढऱ्या रश्श्याची वाहवा झाली आणि आचाऱ्याला बोलावून नारळ-टॉवेल दिला, तर अण्णा हात धुता धुता विचारणार, "बकरं कुणी निवडलं?" एका शाळेनं दहावीचा शंभर टक्के निकाल लागल्याचा फ्लेक्स चौकात लावला. अण्णा त्याच्याखाली बराच वेळ उभे राहिले. हेडमास्तरांच्या फोटोकडं बघून एवढंच म्हणाले, "नववीतच किती जणांला चाळून बाहेर टाकलं, ते बी छापायचं हुतं." पूर आला की अलमट्टीचं पाणी आणि ओसरला की पुढाऱ्यांचं नियोजन, हे गणित अण्णांना २००५ च्या पुरापासून सुटलेलं नाही. २०१९ ला पुन्हा घातलं, २०२१ ला पुन्हा घातलं, उत्तर तेच. पाहुण्यांना घेऊन नृसिंहवाडीला गेले, दर्शन झालं, बासुंदी झाली. पाहुणे म्हणाले, काय हात आहे हो या हलवायाचा! अण्णा म्हणाले, "म्हस कुणाची, ते इचारलासा?"

आता या माणसाचा आणि फुटबॉलचा संबंध काय, असं पुण्याकडचे पाहुणे विचारतात. कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही. अण्णा तरुणपणी शिकायला म्हणून कोल्हापुरात पेठेत खोली घेऊन राहिले. कुठल्या पेठेत ते इथं लिहिलं तर दुसऱ्या पेठेतले वाचक पुढचं वाचणार नाहीत. शिक्षण अर्धवट राहिलं, फुटबॉल पुरा झाला. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ या संघांचे सामने पाहिले. नुसते पाहिले नाहीत, त्यात हिरिरीनं ओरडले आणि दोनदा-तीनदा पळालेही.

तिथंच त्यांना पहिल्यांदा प्रशिक्षक नावाचा प्राणी दिसला. पेठेतल्या संघाचा प्रशिक्षक म्हणजे बहुधा जुना खेळाडू. दिवसा नोकरी-धंदा, पहाटे आणि संध्याकाळी पोरं. मिळकत म्हणाल तर चहा. संघ जिंकला की गुलालात गोल मारणारा पोरगा खांद्यावर, आणि प्रशिक्षक चपला शोधत मागं. संघ हरला की मात्र तालमीच्या कट्ट्यावर रात्री बारापर्यंत त्याचीच चौकशी. "आमच्या शेती खात्यावानीच," अण्णा म्हणतात, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज जरा मऊ होतो. तेव्हा अण्णा मॅनेजर लोकांच्या विरोधात आहेत, असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. ते फोटो छापून आलेल्या मॅनेजरांच्या विरोधात आहेत.

युरोपचा फुटबॉल त्यांच्या आयुष्यात आला तो महावितरणच्या कृपेनं. शेतीपंपाची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात उसाला पाणी पाजायला जायचं म्हणजे पहाटेपर्यंत बांधावर बसणं आलं. कानाला मफलर, हातात बॅटरी, खांद्यावर खोरं. पुतण्यानं एकदा मोबाइलवर मॅच लावून दिली आणि अण्णांच्या लक्षात आलं, की लाईट बी रातची आणि मॅच बी रातची. देवानंच जुळवून आणलंय. तेव्हापासून मोबाइल खोऱ्याच्या दांड्याला टेकवून चॅम्पियन्स लीग बघणारा शिरोळ तालुक्यातला हा शेतकरी एका सरीचं पाणी दुसरीला वळवता वळवता जगातल्या मोठमोठ्या मॅनेजरांची पाळीपत्रकं तपासू लागला.

यातून एक खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. आरोपी पेप गार्डिओला, आधी बार्सिलोनाचा आणि पुढं मँचेस्टर सिटीचा मॅनेजर. आरोप, दुसऱ्याच्या उसावर नाव कमावणं.

आरोपीचा वकील म्हणजे अण्णांचा पुतण्या. इचलकरंजीला इंजिनिअरिंगला आहे, मँचेस्टर सिटीचा फिकट निळा टी-शर्ट धुवायलासुद्धा काढत नाही. शनिवारी-रविवारी गावात आला की चौकातल्या टपरीवर कामकाज सुरू होतं. वकिलाच्या हातात मोबाइल, फिर्यादीच्या हातात बशी.

"बार्सिलोनात काय हुतं ते सांग," अण्णा सुरू करतात. "मेस्सी हुता. झावी हुता. इनिएस्ता हुता. ह्यो गडी उभ्या फडात कोयता घिऊन शिरला. मोळ्या बांधल्या, गाडी भरली, काट्यावर नेली. समदी म्हनली, वा! २००९ साली सहा चषक! आरं, त्या फडात मी कोयता घिऊन गेलो असतो तरी चार आलं असतं."

"अण्णा, तो फड उभा नव्हता," पुतण्या म्हणतो. "२००७-०८ ला बार्सिलोना तिसरी आली होती. रेआल माद्रिदच्या अठरा गुण मागं. मेस्सी, झावी, इनिएस्ता तिघंबी तवा त्याच टीममधी होते. मग तवा का नाही उतारा पडला?"

अण्णा चहाचा घोट घेतात. हा मुद्दा त्यांना दरवेळी नवा वाटतो.

"आणि पेप आला कुठनं ते बघा. त्याच्या आदल्या वर्षी तो बार्सिलोनाच्या ब टीमला शिकवत होता. ती टीम चौथ्या पातळीवर घसरली होती, अण्णा. चौथ्या! त्यानं ती वर काढली. बुस्केट्स आणि पेद्रो त्याच टीममधली पोरं. त्याच्या आधी त्यांना कोण ओळखत होतं? दोन वर्षांत दोघं स्पेनकडनं वर्ल्ड कप जिंकून आले. तुम्ही दुष्काळी भागात पाठवा म्हणता ना? तो तिथनंच आलाय."

टपरीवर क्षणभर शांतता पसरते. गॅसवरच्या पातेल्याचा तेवढा आवाज. पेपच्या बाजूचे दोघं-तिघं अण्णांच्या तोंडाकडं बघतात.

"शाळा कुणाची?" अण्णा विचारतात.

"कुठली शाळा?"

"ही पोरं शिकली ती. बार्सिलोनाचीच नव्हं? आन् तिथं ह्यी समदी पद्धत घालून दिली कुणी? क्रायफनं. पेप सोता क्रायफच्या हाताखाली खेळलाय. तूच सांगितलंस गेल्या ऐतवारी. म्हंजे बियाणं क्रायफचं, जमीन बार्सिलोनाची, पाणी मेस्सीचं. ह्यो नुसता मोळ्या मोजाय हुबा."

पुतण्या कपाळावर हात मारून घेतो आणि मग २ मे २००९ काढतो. ही तारीख त्याला स्वतःच्या वाढदिवसासारखी पाठ आहे. माद्रिदच्या मैदानात पेपनं मेस्सीला उजव्या कडेवरून उचलून मधोमध आणला, तिथून थोडा मागं खेचला, आणि माद्रिदच्या बचावपटूंना कळेना की या पोराला धरायला पुढं जायचं की जागेवर थांबायचं. बार्सिलोनानं ६-२ नं जिंकलं. "पाणी मेस्सीचं म्हणता. पाट कुणी वळवला?"

हा घाव वर्मी लागतो, कारण पाट वळवण्यातली अक्कल अण्णांइतकी कुणाला ठाऊक? ते बराच वेळ काही बोलत नाहीत. मग खिशातून डायरी काढतात.

या डायरीबद्दल सांगायलाच हवं. कारखान्याची दरवर्षीची डायरी, वर संस्थापकांचा फोटो, आत पहिल्या पानांवर संचालक मंडळ, मग माती परीक्षण, मग खतांच्या मात्रा, मग उसाच्या जातींचा तक्ता. को ८६०३२ ला कुठली जमीन, कोएम ०२६५ ला पाणी किती. त्याच्यापुढची कोरी पानं अण्णांनी पट्टीनं मधोमध रेघ मारून विभागली आहेत. डाव्या रकान्याला मथळा 'ऊस', उजव्याला 'एमडी'. दोन्हीकडं दहापैकी गुण, शिसपेन्सिलीनं. शिसपेन्सिल एवढ्यासाठी, की निकाल फिरला तर खोडता यावं. कधीकाळी उसाच्या नोंदी अशाच लिहिल्यामुळं अक्षर बारीक, सुवाच्य आणि डावीकडं झुकलेलं.

या डायरीत इंग्लंडच्या ब्रायन क्लफला एमडीच्या रकान्यात दहापैकी दहा आहेत. त्याची नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९७७ साली दुसऱ्या दर्जाच्या लीगमधून कशीबशी वर आली, पुढच्याच वर्षी इंग्लंडची विजेती झाली आणि १९७९ व १९८० असा सलग दोनदा युरोपियन कप घेऊन गेली. "ह्येला म्हनत्यात माळरानावर आडसाली काढनं." ॲलेक्स फर्ग्युसनला साडेनऊ. मँचेस्टर युनायटेडच्या तेरा लीग विजेतेपदांसाठी नव्हे. ती अण्णांनी ऊस चांगला म्हणून बाजूला ठेवली. गुण आहेत ते ॲबरडीनचे. स्कॉटलंडातला तो संघ घेऊन फर्ग्युसननं १९८३ च्या एका युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला पाडलं होतं. मोरिन्योला २००४ च्या पोर्टोसाठी नऊ मिळाले होते. पुढं दरवर्षी अर्धा-अर्धा गुण कापत गेले. तिथला कागद खोडरबरानं इतका झिजलाय की मागच्या पानावरची युरियाची मात्रा दिसते.

सगळ्यात लाडका क्लॉडिओ रानिएरी. २०१६ साली लेस्टर सिटीला प्रीमियर लीग जिंकून देणारा. ऊस तीन, एमडी दहा. आणि त्याच रानिएरीला लेस्टरनं पुढच्या फेब्रुवारीत घरी पाठवलं, हे वाचल्यावर अण्णा दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. "काढून दिला नव्हं उतारा? मग नोटीस कशापायी?" असं ते टपरीवाल्याला विचारत होते. टपरीवाला बिचारा साखर किती घालू एवढंच विचारायला आला होता.

पेपचं पान मात्र चार वर्षं अर्धवट होतं. ऊस दहा. एमडीचा रकाना कोरा.

पुतण्याला तो रकाना भरून हवा होता. त्यासाठी त्यानं काय काय सांगितलं नाही? २०१७-१८ ला सिटीचे १०० गुण. २०२१ ते २०२४ सलग चार लीग, इंग्लंडच्या इतिहासात कुणालाच न जमलेल्या. २०२३ ला एकाच मोसमात तिन्ही मोठे चषक. अण्णांचं उत्तर तयार. "आन् चेअरमन कोण? आमच्या चेअरमनला पाच वर्षांनी सभासदांच्या दारात यावं लागतंय. तिकडचा मालक अबुधाबीचा शेख. एक खेळाडू न्हाई चालला, दुसरा घेतला. दुसरा न्हाई चालला, तिसरा घेतला. आमाला टोळी पळून गेली तर मुकादमाच्या मागं बीडपातुर हिंडाय लागतंय."

त्या २०२३ च्या फायनलचं तर दुःखच वेगळं. १० जूनला इस्तंबूलमध्ये मॅच होती, आपल्याकडं मध्यरात्र उलटली होती. त्या वर्षी पाऊस लांबला होता, अण्णांचा ऊस तहानलेला आणि लाईट रात्रीची. पहिला अर्धा तास त्यांनी बांधावर बसून चोख पाहिला. उत्तरार्धात वरच्या अंगाला सरी फुटली. अण्णा खोरं घेऊन धावले. मोबाइल त्या खोऱ्यालाच टेकवलेला, तो चिखलात उताणा पडला. अंधारात ढेकळं लावून बांध घातला, पाणी जागेवर आणलं, मोबाइल धोतराला पुसून बघतात तर रॉड्रीचा गोल होऊन गेलेला. सिटी १-०, चषक पेपला. दुसऱ्या दिवशी पुतण्या पेढे घेऊन आला. अण्णांनी पेढा घेतला, खाल्ला आणि म्हणाले, "मी बघितल्याला न्हाई त्यो गोल मी पेपच्या नावावर घालनार न्हाई."

घरात चालणारं हे सगळं काकू आतून ऐकत असतात. त्यांचा फुटबॉलशी संबंध एवढाच, की अण्णा मॅच बघायला लागले तेव्हापासून पाण्याकडं लक्ष ठेवायला त्यांनाही बांधावर जावं लागतं. त्याच्या पुढच्या एका हंगामात अण्णांचा एकरी उतारा गावात उठून दिसला आणि गावातल्या एका कार्यक्रमात त्यांना फेटा बांधून शाल दिली. भाषणं झाली, "अनुभवी, अभ्यासू शेतकरी" असं कुणीतरी म्हणालं, अण्णांनी हात जोडले. हिशेब, पावती, चौकशी, काही काही विचारलं नाही. घरी येऊन शाल खुंटीला अडकवली, तेव्हा काकू परातीत भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "भांगलण कुणी केली? रोजगारी बाया कुणी गोळा केल्या? तुमी फुटबाल बघत हुता तवा दंड कुणी फोडला?" अण्णांनी त्या रात्री टीव्हीवर बातम्या बघितल्या. शाल काकूंच्या पेटीत गेली, आणि डायरीच्या शेवटच्या पानावर कुणाचंही नाव न घालता दोन ओळी वाढल्या आहेत, असं पुतण्या सांगतो. त्याला त्या वाचायला मिळालेल्या नाहीत.

मग आला २०२४ चा हिवाळा. सप्टेंबरात आर्सेनलविरुद्ध रॉड्रीचा गुडघा गेला. त्यालाच पुढं त्या वर्षीचा बॅलन डी'ओर मिळाला, म्हणजे ऊस किती अव्वल होता बघा. त्यानंतर ऑक्टोबरअखेरपासून नाताळपर्यंत सिटीची अशी काही पडझड झाली, की तेरा सामन्यांत एकच विजय. सलग पाच पराभव. स्वतःच्या मैदानात टॉटनहॅमकडून ४-०.

अण्णा कधी नव्हे ते टपरीवर सगळ्यांच्या चहाचे पैसे देऊन बसले. "एक रॉड्री गेला आन् कारखाना बंद! आता सांग, ऊस कुणाचा हुता?" पुतण्या तीन आठवडे गावाकडं फिरकला नाही. परीक्षा आहे म्हणून सांगितलं. टी-शर्ट धुऊन दोरीवर वाळत पडला होता.

नोव्हेंबर संपता संपता फेयेनूर्दविरुद्ध सिटी ३-० नं पुढं होती आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत ३-३ झालं. त्या रात्री पेप पत्रकारांपुढं आला तेव्हा त्याच्या नाकावर आणि डोक्यावर ओरखडे होते, स्वतःच्याच नखांचे. अण्णांनी ते बांधावर बसून पाहिलं. सकाळी टपरीवर सगळे ऐकायला टपून बसले होते, आता अण्णा काय फटकारतात म्हणून. अण्णा म्हणाले, "हंगामात उतारा पडला की आमच्या खात्यातली मानसं अशीच दिसत्यात." आणि एका वर्षीचं सांगू लागले. टोळ्या कमी आल्या होत्या, ऊस तोडून दोन-दोन दिवस बांधाला पडत होता, वजन घटत होतं, साखर उडत होती. अण्णा रात्री फडावरून फडावर सायकल मारत होते. "घरात आलो की ह्यी म्हनायची, जेवा. जेवन उतरायचं न्हाई." त्या दिवशी ऊस कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. अण्णांनी डायरीही काढली नाही.

आता अण्णांचा सिद्धांत इतका पक्का असता तर हे व्यक्तिचित्र लिहायचं कारण नव्हतं. पण अण्णांना खालिद जमील आवडतो. आवडण्यासारखंच आहे. हा माणूस आपल्या मुंबईत खेळला, मुंबई एफसी या बेताच्या संघाला त्यानं वर्षानुवर्षं तगवून धरलं. पुढं मिझोरामच्या आयझॉलला गेला. आदल्या मोसमात खालच्या लीगमध्ये घसरलेला आणि नशिबानं परत घेतलेला हा संघ. तो त्यानं २०१६-१७ मध्ये आय-लीगचा विजेता करून दाखवला. मोहन बागान, ईस्ट बंगाल, बेंगळुरू सगळे मागं. डायरीत ऊस दोन, एमडी दहा, आणि दहाला गोल.

गोव्याच्या आर्मांडो कोलासोंच्या बाबतीत अण्णा एवढे उदार नाहीत. डेम्पोला त्यांनी पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, २००५ ते २०१२ च्या दरम्यान. भारतात असं दुसरं उदाहरण दाखवा म्हटलं, तर अण्णा म्हणतात, "रँटी मार्टिन्स हुता की. महेश गवळी हुता." म्हणजे कोलासोंना रँटी आडवा येतो आणि जमीलना कुणीच आडवं येत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताचे प्रशिक्षक झाले. अण्णांनी जिलेबी वाटली. पुढच्याच महिन्यात मध्य आशियातल्या स्पर्धेत भारतानं ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक घेतला. "बघितलासा? एमडी बदलला, उतारा बदलला!" खेळाडूंचं नावसुद्धा निघालं नाही. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरनं भारताला २-१ नं हरवलं आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. त्या रविवारी पुतण्या खास इस्त्री केलेला टी-शर्ट घालून आला. दोन चहा सांगितले, एक अण्णांपुढं सरकवला आणि अदबीनं विचारलं, "अण्णा, आता काय म्हणता? एमडी चुकला?"

"एमडी काय करल?" अण्णा उसळले. "ऊसच वाळल्याला हुता!"

टपरीवर जो हशा पिकला तो अण्णांना कळला नाही, असं मी म्हणणार नाही. त्यांनी बशी तोंडाला लावली ती बराच वेळ काढली नाही. आवडत्या माणसाचं यश त्याचं आणि अपयश उसाचं, नावडत्याचं अपयश त्याचं आणि यश उसाचं. सून आणि लेक यांच्या स्वयंपाकाचा न्याय घरोघर याच कायद्यानं होतो. तेव्हा एकट्या अण्णांना हसण्यात अर्थ नाही.

मला विचाराल तर पेपचं नाव खरं आहे. चांगला ऊस असला की उतारा आपोआप येतो, हे अण्णांचं म्हणणं मी त्यांच्याच भाषेत एकदा खोडून बघितलं. म्हटलं, अण्णा, आपल्या महाराष्ट्रात दारात ऊस असलेले कारखाने थोडे आहेत का? त्यातले किती कर्जात गेले, किती विकले गेले, किती भाड्यानं दिले? ऊस तोच, पाणी तेच. फर्ग्युसन गेल्यावर मँचेस्टर युनायटेडकडं पैसा कमी होता का? इतकी वर्षं ओतला, लीग एकदाही आली नाही. चांगला ऊस हातात आल्यावर तो वाया न घालवणं आणि तेही बारा-पंधरा वर्षं, तीन देशांत, हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

अण्णांनी ऐकून घेतलं. चहा संपवला. "ते बी खरं हाय," म्हणाले. मी पुतण्याकडं बघितलं, पुतण्यानं माझ्याकडं. डायरी निघाली. शिसपेन्सिलीला चाकूनं टोक झालं. पेपचं पान उघडलं. मग अण्णा थांबले. "पर कारखाना बुडवायचं काम चेअरमनचं असतंय. एमडीला त्यात मोजत न्हाईत."

तरी रकाना आता कोरा नाही. एमडीच्या खाली आठ लिहिलेत आणि पुढं बारीक अक्षरात 'तात्पुरते'. राहिलेले दोन गुण एका हंगामासाठी मराठवाड्याला जाऊन आल्यावर मिळतील. तुमच्याकडं पेपच्या बाजूनं काही नवा पुरावा असेल तर शिरोळला जरूर या, चौकात कुणालाही विचारा. फक्त रात्रीच्या लाइटीचा आठवडा असेल तर सकाळी येऊ नका. अण्णा झोपलेले असतात आणि पाणी काकूंकडं असतं.